पिलाताने हात धुतले, आमचे काय?

दरवर्षी पवित्र शुक्रवारी दुपारी संत योहानकृत शुभवर्तमानातील प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त आपण ऐकतो. निवेदकाचा भाग एकजण वाचतो, प्रभूचे शब्द धर्मगुरू उच्चारतात आणि जमावाच्या तोंडचे शब्द बाकांवर बसलेल्या भाविकांच्या वाट्याला येतात. क्रुसाची मागणी करणारी ती आरोळी आपल्यालाच द्यावी लागते. आमचा अनुभव असा, की त्या क्षणी देवळातले आवाज खाली जातात. कोणी नुसते पुटपुटतात, कोणी पुस्तकात डोळे खुपसतात. मनातल्या मनात प्रत्येकजण स्वतःची समजूत घालतो: तो जमाव निराळा, ते लोक निराळे, आपण त्या दिवशी यरुशलेमेत असतो तर असे ओरडलो नसतो.

खरोखरच ओरडलो नसतो काय? गेल्या प्रायश्चित्तकाळातली गोष्ट. देवळा परिसरातली आम्ही मोजकी कुटुंबे एका घराच्या अंगणात क्रुसाच्या वाटेची प्रार्थना आटोपून बसलो होतो. कांद्याचे भाव, मुलांच्या परीक्षा असे विषय झाल्यावर बोलणे वर्तमानपत्रातल्या एका गुन्ह्याकडे वळले. संशयित नुकता पकडला गेला होता, खटला उभाही राहिला नव्हता. अंगणातला न्यायनिवाडा मात्र पाच मिनिटांत उरकला. ‘कोर्टकचेऱ्या कशाला? चौकात लटकवा,’ एकजण म्हणाले. ‘लोकांच्या ताब्यात द्या, मग बघा,’ दुसऱ्यांनी पुस्ती जोडली. हे बोलणारे कोण? येशूला मरणदंड ठोठावला जातो त्या पहिल्या स्थानापाशी, अर्ध्या तासापूर्वीच, गुडघे टेकून डोळे पुसणारे आपणच. आम्हीही त्या अंगणात होतो आणि आम्ही गप्प बसलो. प्रस्तुत लेख हे त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त समजावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रभूच्या खटल्याचा वृत्तान्त आपण रडण्यासाठी वाचतो, समजून घेण्यासाठी वाचत नाही. तो समजून घेतला तर पुरावा न पाहता कोणासाठीही फाशी मागण्याची सोय आपल्याला उरत नाही. ही सोय जाऊ नये म्हणूनच की काय, या उताऱ्याचे तीन सोपे अर्थ आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले आहेत. ते तिन्ही चुकीचे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिला अर्थ असा, की ‘ज्यू लोकांनी’ प्रभूला मारले. आजही धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल बिनदिक्कत हे उत्तर देते आणि त्याला कोणी अडवीत नाही. अहो, प्रभू स्वतः ज्यू, मरियामाता ज्यू, बाराही प्रेषित ज्यू, क्रुसापाशी शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या स्त्रिया ज्यू! त्याला रात्री, गर्दी टाळून का पकडावे लागले? कारण दिवसाउजेडी सामान्य लोक त्याच्या बाजूने होते आणि अधिकाऱ्यांना त्यांची धास्ती होती; हे शुभवर्तमानकारच सांगतात. शिवाय क्रूस ही ज्यूंच्या नियमशास्त्रातली शिक्षा नव्हे. तेथे दगडमाराची शिक्षा होती. क्रूस रोमचा, गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेला. या एका चुकीच्या अर्थापायी युरोपात शतकानुशतके पवित्र आठवड्यातच ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. विसाव्या शतकात साठ लाख ज्यूंची कत्तल झाली तीही बाप्तिस्मा घेतलेल्या युरोपच्या भूमीवर. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात निःसंदिग्धपणे सांगितले, की प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर सरसकट आणि आजच्या ज्यूंवर मुळीच लादता येत नाही. आपल्या कोकणात बेने इस्राएल समाज शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत आणि मराठी बोलत सुखाने नांदला. शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ असे नाव दिले, यापलीकडे त्यांचा काही छळ केला नाही. युरोपातील ख्रिस्ती लोकांना जे साधले नाही ते कोकणातल्या खेडुतांना साधले, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरा अर्थ अधिक लबाड आहे. तो म्हणतो, पिलात बिचारा मनाने चांगला होता. जमावापुढे त्याचा नाइलाज झाला. या ‘बिचाऱ्या’ची ओळख इतिहासाला नीट आहे. इ. स. २६ ते ३६ या काळात तो यहुदियाचा रोमन सुभेदार होता. त्याच्या नावाचा कोरीव शिलालेख १९६१ साली कैसरिया येथील उत्खननात सापडला. फिलो आणि योसेफस या दोघा ज्यू लेखकांनी त्याच्या क्रौर्याच्या हकिगती नोंदल्या आहेत. शोमरोनी लोकांच्या एका जमावावर त्याने केलेल्या कत्तलीची तक्रार वर गेली आणि त्याला रोमला परत जावे लागले. जमावाला भिऊन थरथर कापणारा हा मनुष्य नव्हता.

आता उताराच पाहू. न्यायसभेपुढे येशूवर ठेवलेला आरोप ईश्वरनिंदेचा होता. साक्षीदार उभे केले गेले, परंतु त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत, असे संत मार्क लिहितो. दोघा-तिघांच्या साक्षीवाचून देहान्त नको, असे मोशेचे नियमशास्त्र सांगत असता सभा पुढे सरकली. पिलातापुढे पोहोचताच आरोप बदलला. ईश्वरनिंदेशी रोमला काय कर्तव्य? म्हणून आता तो लोकांना भडकावतो, कैसराला कर देऊ नका म्हणतो, स्वतःला राजा म्हणवतो, असा राजद्रोहाचा आरोप तयार झाला. आरोपी तोच, रात्र तीच. कलम तेवढे बदलले. आरोप पाहून माणूस पकडण्याऐवजी माणूस पाहून आरोप घडवण्याची ही रीत दोन हजार वर्षे जुनी आहे.

पिलाताला हे कळले नाही असे नाही. या मनुष्यात आपल्याला अपराध दिसत नाही, असे तो तीन वेळा जाहीर करतो. लूक आणि योहान या दोघांच्याही वृत्तान्तात ही तीनची संख्या आहे. त्याच्या पत्नीचा निरोप येतो तो निराळाच. तो संत मत्तय सांगतो. मग पिलात काय करतो? आरोपी गालीलचा आहे हे कळताच तो प्रकरण हेरोदाकडे धाडतो. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवण्याची कला सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या वाचकांना समजावून सांगायला नको. प्रकरण परत येते. तेव्हा पिलात म्हणतो, की हा निर्दोष आहे, म्हणून याला फटके मारून सोडतो. वाचकहो, येथे थांबा. निर्दोष आहे, तर फटके कशाचे? या एका वाक्यात जगातल्या सगळ्या कोठड्यांचा इतिहास आहे. दोष सिद्ध होवो न होवो, मार आधी द्यायचा. जमावाला काहीतरी दाखवायला हवे, म्हणून एका माणसाची पाठ फोडायची.

एवढ्यानेही भागत नाही. याला सोडलेस तर तू कैसराचा मित्र नव्हेस, हा टोमणा योहानाने नोंदवला आहे. त्या टोमण्याने तराजू झुकतो. जमावाच्या आवाजाहून पिलाताला आपल्या खुर्चीचे भय अधिक होते. मग पाणी मागवले जाते, हात धुतले जातात आणि निर्दोष म्हणून तीनदा घोषित झालेला मनुष्य क्रुसावर चढवला जातो. पिलाताचे पाप अज्ञानाचे नाही. त्याला ठाऊक होते आणि तरी त्याने निकाल दिला. हे त्याचे पाप. म्हणूनच दर रविवारी आपण जी श्रद्धांगीकाराची प्रार्थना म्हणतो तिच्यात प्रभूखेरीज दोनच माणसांची नावे आहेत. एक मरियेचे, दुसरे पिलाताचे. यहुदाचे नाही, कैफाचे नाही, जमावाचेही नाही. निकालाखाली ज्याची सही, त्याचे नाव आदिम ख्रिस्तसभेने विसरू दिले नाही. आपण मात्र त्याला बिचारा म्हणतो!

तिसरा अर्थ सर्वांत भाविक वाटतो, म्हणून सर्वांत घातक. तो म्हणतो, ही सारी देवाचीच योजना होती. कैफा काय, पिलात काय, निमित्तमात्र. तारण देवाने साधले हे खरेच. पण अन्याय माणसांनी केला. प्रभू पिलातालाच सांगतो, की ज्याने मला तुझ्या हाती दिले त्याचे पाप अधिक मोठे. अधिक मोठे म्हटले म्हणजे पिलाताचेही पाप आहेच. त्याचे माप तेवढे निराळे. पुढे क्रुसावरून तो मारणाऱ्यांना क्षमा कर म्हणून पित्याला विनवतो. निमित्तमात्र असलेल्यांना क्षमेची गरज कसली? क्षमा अपराध्यालाच लागते. अन्यायाला ‘देवाची इच्छा’ म्हणणे म्हणजे पिलाताच्या हातांवर आपण स्वतः पाणी ओतणे होय.

हे तीन सोपे अर्थ बाजूला सारून तोच वृत्तान्त आपल्या मुलुखात वाचून पाहू.

आपल्या कसमादे पट्ट्यातील बागलाण ओलांडले की धुळे जिल्ह्याचा साक्री तालुका लागतो. तेथील राईनपाडा गावी १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडे बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे आली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, मूळची सोलापूर जिल्ह्यातली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. एवढ्यावरून जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. त्यांना कोणी काही विचारले असेल तर उत्तर ऐकून घेण्याची तयारी कोणाचीही नव्हती. जवळजवळ दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० रोजी, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवेला बळी पडले, तेही पोलिसांदेखत. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण सहज वापरतो. तिचा शब्दशः अर्थ पाहण्याची वेळ आपल्या महाराष्ट्रावर आली.

कोणी म्हणेल, हे जमावाचे झाले. न्यायालयात असे होत नाही. २००३ साली महाराष्ट्रात एका शेतमळ्यावर अत्यंत निर्घृण गुन्हा घडला. एका कुटुंबातील पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतील, मोलमजुरी करणाऱ्या सहा जणांना पकडले गेले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली; पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. त्यांतला एकजण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे पुढे निष्पन्न झाले. त्यानंतर त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या मातेने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता, हे न्यायालयाच्या ध्यानात आले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि तपासात कसूर करणाऱ्यांवर कारवाईचा आदेश झाला. तोवर सोळा वर्षे सरली होती. आपली चूक स्वतः दुरुस्त करणारे न्यायालय पिलाताहून थोर, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण मध्यंतरी दोर ओढला गेला असता तर ती पाच मार्चची सकाळ कोणासाठी उजाडली असती?

हेच सहाजण का पकडले गेले? ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला. शिक्का मात्र आपल्या डोळ्यांत राहिला. गावाबाहेर पाल पडले की आपण कोंबड्या मोजतो. पेत्राला अंगणातल्या शेकोटीपाशी त्याच्या गालीली बोलीवरून ओळखले गेले. आपणही माणसाला बोलीवरून आणि पेहरावावरून ओळखतो आणि ओळखता ओळखता निकालही देऊन टाकतो.

येथे एक कटू गोष्ट आपल्याच समाजाला सांगायला हवी. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झाली. वय त्र्याऐंशी, कंपवाताने पेला धरता येत नव्हता. तळोजा कारागृहातून त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आले आणि ५ जुलै २०२१ रोजी, खटला सुरू होण्याआधीच, ते तेथे निवर्तले. देशभरच्या ख्रिस्ती समाजाने प्रार्थना केल्या, मेणबत्त्या लावल्या. योग्यच केले. पण हे फादर झारखंडमधील आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी वर्षानुवर्षे झटत होते. त्यांच्या नावाने मेणबत्ती लावणाऱ्या आपण त्या कैद्यांसाठी, या सहा भटक्यांसाठी, राईनपाड्याच्या पाचांसाठी किती मेणबत्त्या लावल्या? आपला माणूस तुरुंगात गेला तर ते प्रभूचे दुःखसहन आणि परका गेला तर ‘काहीतरी केलेच असेल’! २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नाही असे. पवित्र गुरुवारच्या रात्री प्रभू हाही कच्चाच कैदी होता.

आमच्यावर आक्षेप घेतला जाईल, की तुम्हांला गुन्हेगारांचा पुळका. ज्यांचे मूल गेले, ज्यांची लेक नासवली गेली, त्यांचे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पण वरचेच प्रकरण पाहा. त्या मातेने ज्यांना ओळखले त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही आणि भलत्यांच्या गळ्यात दोर अडकवून सारे समाधानाने घरी गेले. तिला न्याय मिळाला काय? निर्दोष मनुष्य फासावर जातो तेव्हा खरा गुन्हेगार बाजारातून हसत फिरतो. बळी पडलेल्यांचा कैवार ज्यांना घ्यायचा आहे त्यांनीच पुराव्याचा आग्रह सर्वांत अधिक धरला पाहिजे.

दुसरा आक्षेप दिरंगाईचा. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, मग लोकांचा धीर सुटतो, असे म्हणतात. दिरंगाई हा अन्यायच आहे. ती दूर झाली पाहिजे. परंतु नुसता वेग म्हणजे न्याय असेल तर प्रभूच्या खटल्यासारखा वेगवान खटला दुसरा नसेल. रात्री अटक, पहाटे न्यायसभा, सकाळी सुभेदार आणि संध्याकाळच्या आत कबर!

आणि दोष सिद्ध झालाच तर? प्रभूच्या शेजारी एक मनुष्य होता, त्याने आपला अपराध स्वतः कबूल केला होता. आपल्या शिक्षेला आपण पात्र आहोत, हा मात्र निरपराध आहे, असे तो म्हणाला. त्या दिवसाचा एकमेव सत्य निकाल एका दंडित चोराने दिला आणि सुखलोकाचे वचनही त्यालाच मिळाले. ज्याच्यासाठी स्वर्गाचे दार उघडे आहे त्याच्यासाठी सुधारण्याचे दार बंद करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातील २२६७ वा परिच्छेद बदलून घेतला. देहान्तशिक्षा मानवी प्रतिष्ठेवर आघात करते म्हणून ती अग्राह्य आहे आणि ती जगातून नाहीशी व्हावी यासाठी ख्रिस्तसभा झटेल, असे आता तेथे म्हटले आहे. हे मत न पटणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी वाद घालावा; पण ही शिकवण आपल्या ख्रिस्तसभेची नाहीच, असे म्हणू नये.

करायचे काय, याचेही उत्तर शुभवर्तमानातच आहे. त्या न्यायसभेतली सगळीच माणसे सारखी नव्हती. निकदेम नावाच्या सभासदाने पूर्वीच एकदा विचारले होते, की मनुष्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? त्याची चेष्टा झाली, पण प्रश्न नोंदला गेला. अरिमथाईकर योसेफाने सभेच्या ठरावाला संमती दिली नव्हती. त्याच पिलाताकडे जाऊन त्याने प्रभूचे शरीर मागून घेतले. फार मोठी कृत्ये नव्हेत ही. एकाने प्रश्न विचारला, दुसऱ्याने होकार दिला नाही.

एवढे आपल्यालाही जमेल. मोबाइलवर आलेली अफवा पुढे न धाडणे जमेल. गावात अनोळखी माणसाला घेरले गेले तर ‘आधी पोलिसांना कळवा, त्याला हात लावू नका’ असे मोठ्याने म्हणणे जमेल. ऐन वेळी त्याला धैर्य लागेल, पण जमेल. पाहिले असेल ते साक्षीत खरे सांगणे आणि पाहिले नसेल ते कोणाच्याही भिडेने न सांगणे जमेल. जामीनदार नाही म्हणून आत खितपत पडलेल्या एखाद्या गरिबासाठी आपल्या धर्मग्रामाने चौकशी करणे जमेल. मी तुरुंगात होतो तेव्हा तू भेटायला आलास का, या शेवटच्या दिवशीच्या प्रश्नात कैदी दोषी होता की निर्दोष, अशी पोटकलमे प्रभूने घातलेली नाहीत.

पुढच्या पवित्र शुक्रवारी जमावाचे शब्द पुन्हा आपल्याच तोंडी येतील. त्या वेळी आवाज खाली नेऊ नये, अशी आमची विनंती आहे. स्वच्छ, मोठ्याने वाचावे आणि आपण कोण आहोत ते आपल्याच कानांनी ऐकावे. मग घरी येऊन अंगणात बसल्यावर कोणी ‘चौकात लटकवा’ म्हणाले, तर निदान एकाने तरी विचारावे, ‘त्याचे म्हणणे ऐकून घेतले का?’ गेल्या खेपेला आम्ही विचारले नाही. या खेपेला विचारू.